वाचकांचे प्रश्न : 51-3 चा बेसबॉल सामना

प्रश्न : 1902 साली अमेरिकेत एका व्यावसायिक बेसबॉल सामन्याचा निकाल 51-3 लागला आणि एकाच खेळाडूने आठ होम रन (एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी मारून काढलेला रन) मारले, असं वाचनात आलं. छपाईची चूक तर नाही ना? आणि जिंकणाऱ्यांनी मध्येच थांबायचं की नाही? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : चूक नाही. 15 जून 1902 रोजी टेक्सास लीगमध्ये कोर्सिकाना ऑइलर्सनी टेक्सारकानाला 51-3 असं हरवलं. आठ होम रन मारणारा जस्टिन क्लार्क हा 19 वर्षांचा कॅचर (बॅटरमागचा, विकेटकीपरसारखा खेळाडू) होता.

'एकाला आठ वेळा बॅटिंग मिळेल कशी?' ही शंका सगळ्यांनाच येते, पण हिशोब सोपा आहे. बॅटिंगला आलेला प्रत्येक जण शेवटी रन काढतो, आऊट होतो किंवा इनिंग संपताना बेसवर (धावताना थांबायच्या ठिकाणी) अडकून राहतो. पुढे असलेल्या यजमान कोर्सिकानाने शेवटची, नववी इनिंग खेळली नाही असं धरलं तरी आठ इनिंगचे, प्रत्येकी तीनप्रमाणे, 24 आऊट होतात. त्यात 51 रन मिळवले की 75. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकाला किमान आठ पाळ्या मिळतातच. अडकलेले तर अजून धरलेलेच नाहीत.

खरी गंमत मैदानात आहे. रविवार होता, कोर्सिकानात रविवारी खेळायला बंदी, म्हणून सामना शेजारच्या एनिस गावी नेला. तिथलं उजवीकडचं कुंपण जेमतेम 210 फुटांवर होतं, असं सांगितलं जातं. म्हणजे 70 यार्ड, क्रिकेटची साधारण सीमारेषा! क्लार्क डावखुरा, त्याचा ओढलेला फटका थेट तिकडेच जाणार. पुढे मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, तो 1905 ते 1920 या काळात नऊ हंगाम खेळला आणि तिथे सगळे मिळून सहाच होम रन मारले. आठांतलं श्रेय कुंपणाला किती द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

थांबण्याबद्दल : इंदूरकरांना 1945-46 च्या रणजी उपांत्य सामन्यातले 912 माहीत असतीलच. म्हैसूरविरुद्ध होळकर संघाच्या भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा जणांनी शतकं ठोकली आणि 8 बाद 912 वर डाव घोषित झाला. बेसबॉलमध्ये डाव घोषित करायची सोयच नाही. समोरच्याने तीन आऊट काढले तरच इनिंग संपते. हल्ली वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, गटसाखळीत पाच इनिंगनंतर 15 किंवा सातनंतर 10 रनांची आघाडी असली की सामना संपवतात. 1902 मध्ये असं काही नव्हतं.

प्रश्न : शाळेच्या सामन्यात एकाच इनिंगमध्ये दहावी बॅटर आली आणि स्कोअरशीटवर जागाच उरली नाही. तिची नोंद कुठे करायची? (क्रीडाशिक्षिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नऊ जणींनंतर पुन्हा इनिंगच्या पहिल्या बॅटरचीच पाळी येते, पण ती तिच्या आधीच्याच चौकोनात कोंबू नका. तिथली आधीची नोंद झाकली जाते आणि रन कुणाच्या फटक्यावर आला ते नंतर लागत नाही. त्याच ओळीत पुढच्या रकान्यात लिहा. समजा तिसरी इनिंग चालू आहे, तर वरचा छापील 4 खोडून 3 करा आणि त्यापुढचे सगळे आकडे एकेकाने मागे आणा : 5 चा 4, 6 चा 5. हे त्याच क्षणी करायचं, नाहीतर दोन इनिंगनंतर रकाना चुकतो. इनिंग संपली की शेवटच्या बॅटरच्या चौकोनाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारा, म्हणजे पुढच्या इनिंगला सुरुवात कुणाची, हा वाद होत नाही. सामन्यानंतर वरचाच ताळा घ्या : एकूण पाळ्या = रन + आऊट + अडकलेले. जुळलं नाही तर घोळ बहुधा अशा लांबलेल्या इनिंगमध्येच सापडतो.

प्रश्न : 51-3 च्या त्या सामन्यात टेक्सारकानाने पिचर (चेंडू फेकणारा) बदलला का नाही? (त्याच वाचकाचा पुरवणी प्रश्न)

उत्तर : सामना संपेपर्यंत डीविट हा एकच पिचर होता, तो संघमालकाचा मुलगा असल्याचं सांगतात. त्या काळी संघात माणसंही मोजकीच असत आणि बाहेर काढलेला खेळाडू परत घेता येत नाही, हा नियम आजही आहे. तुमच्या मुलांना मात्र इतकं ताणू नका. चेंडू वर-वर राहू लागला की खांदा थकला समजा. दुसऱ्याचा हात तेव्हाच गरम करायला घ्या.