दहावीनंतर आयर्लंड: ट्रान्झिशन इयर घ्यायचं की थेट फिफ्थ इयर?

नमस्कार ताई,

तुमच्या यजमानांना डब्लिनमध्ये क्रिटिकल स्किल्स परमिटवर नोकरी मिळाली, मुलगी दहावी देऊन जूनमध्ये तुमच्याबरोबर येणार, आणि शाळेने दोन पर्याय पुढे ठेवलेत: ट्रान्झिशन इयर किंवा थेट फिफ्थ इयर. "परीक्षा नाही, अभ्यास नाही, मग एक वर्ष फुकट का घालवायचं?" हा तुमचा प्रश्न. माझ्या मते घालवाच. आमचा मुलगा यातून गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे माध्यमिक शाळा बारा-तेराव्या वर्षी सुरू होते. पहिली तीन वर्षं ज्युनियर सायकल, शेवटची दोन, म्हणजे फिफ्थ आणि सिक्स्थ इयर, लीव्हिंग सर्ट या शाळेच्या शेवटच्या बोर्डाच्या परीक्षेची. मधलं चौथं वर्ष ऐच्छिक, तेच ट्रान्झिशन इयर, त्याला सगळे टीवाय म्हणतात. आपल्या एफवाय-एसवायशी त्याचा काही संबंध नाही. १९७४ साली शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी ते सुरू केलं. मुलांना दोन परीक्षांच्या मध्ये श्वास घ्यायला आणि बाहेरचं जग बघायला वेळ मिळावा, हा हेतू. या वर्षी बोर्डाची परीक्षा नसते. पुढे निवडायच्या विषयांची थोडी थोडी चव, मिनी कंपनी म्हणजे मुलांनी चालवलेला छोटा धंदा, गॅश्के म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार, नाटक, सहली असं बरंच काही असतं. पण खरा जीव दोन गोष्टींत आहे: वर्क एक्सपीरियन्स आणि विद्यापीठांचे टीवाय कार्यक्रम.

वर्क एक्सपीरियन्ससाठी काही शाळा सलग एक-दोन आठवडे देतात, काही वर्षभर आठवड्यातला एक दिवस. पैसे मिळत नाहीत आणि जागा मुलीने स्वतः शोधायची. शाळा विम्याचं पत्र देते, ते पाहिल्याशिवाय कोणी उभंसुद्धा करत नाही. शेवटी तिथली व्यक्ती एक फॉर्म भरते: वेळेवर आली का, स्वतःहून काम हातात घेतलं का, फोन खिशात ठेवला का.

आमच्या चिरंजीवांना प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं होतं. जवळच्या दवाखान्यात आठवडाभर गेला. पिंजरे धुतले, टेबलं पुसली, एका म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देताना बाजूला उभा राहिला. घरी आला की कपड्यांना जंतुनाशकाचा वास. कुत्र्या-मांजरांबद्दल फारसं बोलायचा नाही, पण मागच्या खोलीत नर्सने रक्ताची स्लाइड कशी बनवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, हे जेवताना संपता संपेना. आता तो बायोमेडिकल सायन्स शिकतोय. क्लासच्या समुपदेशकाकडे कितीही पैसे मोजले असते तरी हे कळलं नसतं.

तुमच्या मुलीला सप्टेंबरमध्येच सीव्ही छापून हातात द्या आणि फार्मसी, वकिलाचं ऑफिस, आर्किटेक्ट, जे आवडेल तिथे स्वतः जाऊ द्या. तुम्ही बाहेर थांबा. इथे आई-वडिलांनी फोन केलेला लोकांना विचित्र वाटतो. मोठ्या रुग्णालयांच्या जागा लवकर भरतात, आणि बरेच ठिकाणी वय १६ पूर्ण लागतं. लहान मुलं किंवा रुग्ण असतील तिथे गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलीस पडताळणीही लागू शकते. या पडताळणीला वेळ लागतो. १६ पूर्ण झाल्यावर मुलीची आयआरपी कार्डासाठी, म्हणजे इथल्या वास्तव्य परवान्यासाठी, नोंदणी करायची आहे, तेही विसरू नका. पगारी पार्ट-टाइम काम मात्र तिच्या कार्डावरचा स्टॅम्प, म्हणजे परवानगीचा प्रकार, नीट वाचून मगच.

आता विद्यापीठांचं. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा मिनीमेड आहे, त्यात वैद्यकीय विद्यार्थी काय शिकतात ते दाखवतात. ट्रिनिटीच्या फिजिक्स विभागाचा टीवायच्या मुलांसाठी कार्यक्रम आहे. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीत (डीसीयू) हुशार मुलांसाठीचं सीटीवायआय हे केंद्र आहे, तिथे आधी चाचणी द्यावी लागते. जागा मोजक्या, अर्ज शाळा सुरू झाल्या झाल्या उघडतात, काही ठिकाणी शाळेमार्फतच जावं लागतं. म्हणून टीवायच्या समन्वयक शिक्षकांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या.

इथे आपल्या मंडळींची एक हमखास गल्लत होते, म्हणून ठळक सांगते. या कशाचाही कॉलेज प्रवेशात एक पॉइंटसुद्धा मिळत नाही. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांचा प्रवेश सीएओ या एकाच केंद्रीय यंत्रणेतून, लीव्हिंग सर्टच्या गुणांवर होतो. सर्वोत्तम सहा विषय धरतात, प्रत्येकी कमाल १००, उच्च स्तराच्या गणिताला २५ जादा, असे ६२५. मिनीमेडचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावा हवं तर. मुलांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे ती तिथे प्रोफाइल बनवायला जात नाहीत, मन लावून बघतात. आपल्याकडच्या पालकांच्या ग्रुपवर मात्र "कोणत्या प्रोग्रॅमला जास्त वेटेज?" ही चर्चा दरवर्षी रंगते.

मग फायदा कुठे? विषय निवडताना. टीवायच्या अखेरीस लीव्हिंग सर्टचे साधारण सात विषय ठरवायचे असतात आणि कित्येक अभ्यासक्रमांना विशिष्ट विषय लागतातच. थेट फिफ्थ इयरला आलेली मुलगी ही निवड विमानतळावरून उतरताच करणार, उच्चार कानावर बसायच्या आत. आपली मुलं गणितात पुढे असतात, पण इंग्रजीचा पेपर वेगळाच असतो: कविता, नाटक, स्वतःचं मत मांडून लांब निबंध. ते वळण पडायला वर्ष लागतंच. आयरिश भाषेची काळजी नको. वयाच्या १२ वर्षांनंतर परदेशातून आलेल्यांना सूट मिळते, फक्त मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

आणि फीचा मुद्दा, जो कोणी आधी सांगत नाही. कॉलेजची फी ठरताना गेल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं युरोपात वास्तव्य आहे का, हे बघतात. टीवाय, फिफ्थ, सिक्स्थ अशी तीन वर्षं होतात. टीवाय गाळलं तर दोनच. नुसत्या वास्तव्याने मोफत शिक्षण मिळत नाही, त्यासाठी नागरिकत्व किंवा ठरावीक परवानगी लागते. पण परदेशी विद्यार्थ्याची फी आणि ईयू फी यांतला फरक लाखांत जातो. नियम कॉलेजागणिक बदलतो, म्हणून दोन-तीन कॉलेजांच्या फी कार्यालयांना मेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा.

टीवाय कधी घेऊ नये? मुलगी आत्ताच सतराची असेल तर, किंवा त्या शाळेचा टीवाय म्हणजे नुसते सिनेमे आणि सहली असतील तर. असंही असतं. वर काही शे युरो शाळा मागते, तेही धरून चाला.

जूनमध्ये येऊन शाळेत भेटू, असं मात्र ठरवू नका. जूनच्या सुरुवातीलाच वर्ग बंद होतात, मग ऑगस्टच्या अखेरीपर्यंत ऑफिसात जेमतेम एखादं माणूस असतं. टीवायच्या जागाही मर्यादित असतात. नववीची गुणपत्रिका आणि शाळेचं पत्र आत्ताच पाठवून जागा लेखी पक्की करा, दहावीचा निकाल मागून जाईल. त्यांच्याकडून गेल्या वर्षीच्या टीवायचं वेळापत्रकही मागवा आणि मला पाठवा, बघून सांगते.