एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळीच्या चाचणीला कोल्हापुरातून माझा धडधाकट भाऊ जातोय. आजार नसलेल्याला गोळी का देतात?

गोळी रक्तात किती आणि किती वेळात उतरते, अंगाला सोसते का, एवढंच तिथं बघतात. त्यासाठी आजार लागत नाही, उलट दुसरी औषधं चालू नसलेलं शरीर बरं पडतं. इथंच फार्मसीच्या मुलांना मी हे शिकवते. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी साधारण 2 तासांत रक्तात सर्वाधिक पातळी गाठते, म्हणून सुरुवातीला थोड्याथोड्या वेळानं रक्त घेतात. नाडी आणि रक्तदाबही तपासतात, कारण हे औषध दोन्ही वाढवू शकतं. मात्र हृदयाचा त्रास किंवा व्यसन असेल तर भावानं ते मानधनासाठी लपवू नये, कृपा करून. संमतीपत्र मराठीतच मागा. चाचणीमुळे इजा झाली तर औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळायला हवेत.