प्रेमविवाह केलेली जोडपी कुटुंबनियोजनाला जास्त अनुकूल असतात का?

थोडीफार, पण 'प्रेम' हे त्याचं कारण नव्हे. प्रेमविवाहात मुलगी बहुतेक वेळा जरा मोठी, शिकलेली, कमावती असते आणि नवऱ्याशी मोकळेपणाने बोलू शकते. ठरवून झालेल्या लग्नात याच गोष्टी असतील तर फारसा फरक उरत नाही.

गोव्यात तर हा फरक आणखी पुसट होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) गोव्याचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.३ होता, देशाचा २.०. म्हणजे फोंड्या-डिचोलीकडे लग्न कुणीही जमवलेलं असो, एक-दोन मुलांवर थांबायचं हे जवळपास ठरलेलंच. खरा फरक दिसतो तो पहिलं मूल कधी, यात. ठरवून झालेल्या लग्नात चतुर्थीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधता बांधता सासूबाई "यंदा काय गोड बातमी?" विचारतात आणि सून गप्प बसते. प्रेमविवाह करून घर सोडून वेगळं राहणाऱ्या जोडप्याला हा प्रश्न फोनवर टाळता येतो, एवढंच!

आणि शस्त्रक्रियेची वेळ आली की दोन्हीकडचे नवरे सारखेच. याच सर्वेक्षणात देशभरात विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याशिवायही होते.

गोव्यात लग्नाच्या नोंदणीसाठी रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते; लग्न ठरत असेल तर त्या पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधल्या दिवसांत हे बोलून घ्या. हॉल आणि केटररवर बोलता, तसंच तांबी, गोळ्या, निरोध यांवरही.