मांड पुन्हा बसेल का?

प्रश्न : पाखरू उडालं, घोडा बुजून एकदम बाजूला झाला आणि मी खाली. कॉलरबोन मोडलं. आता डॉक्टरांची परवानगी आहे, पण दुडकी सुरू झाली की पोटात गोळा येतो. ‘पडल्यावर लगेच चढायचं असतं’, असं सगळे ऐकवतात. माझी वेळ गेली का?

उत्तर : नाही हो. मोडलेलं हाड घेऊन कोण लगेच चढणार?

आधी हेल्मेट बदला. वरून धड दिसलं, तरी आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा मार झेलत नाही.

भीतीचं म्हणाल, तर श्वास अडकतो, गुडघे खोगिराला चिमटा घेतात, टाचा वर येतात. पाठीवर बसलेली माशीही घोड्याला कळते, तिथे हे कळणार नाही? तो ताठ होतो, मग तुम्ही आणखी ताठ. म्हणून सध्या लगाम हातात नकोच. शिक्षकांना लांब दोरीवर घोडा गोल फिरवू द्या. तुम्ही नुसती मांड सांभाळा आणि चक्क गाणं म्हणा; गाताना श्वास रोखून धरता येत नाही. घोडा वयस्क, शांत हवा. तुम्हाला पाडणारा इतक्यात नको, हट्टाने तर मुळीच नको.

दुडकीची घाई नाही. आधी चालत्या घोड्याला एका लगामाने छोट्या वर्तुळात वळवून थांबवायला शिका, दोन्ही बाजूंनी. बुजला तर काय करायचं हे हातांना ठाऊक असलं की पोटातला गोळा बराच सैल होतो.

पडण्याचं दृश्य रात्री झोपू देत नसेल, तर मात्र समुपदेशकाला भेटा. ते काम माझ्या पागेतलं नव्हे.