वाचकांचे प्रश्न : साखर वाढवली, जुलाबही वाढले

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला जुलाब होत होते. मीठ-साखरेचं पाणी तिला आवडेना, म्हणून साखर दुप्पट केली. जुलाब आणखी वाढले. साखरेचा याच्याशी संबंध आहे का?
— एक वाचक, कोथरूड

थेट संबंध आहे. लहान आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बहुधा चालू राहते, सारी मदार तिच्यावरच. पण झेपेल त्याहून जास्त साखर गेली, की आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा तीव्र होतं आणि पाणी उलट शरीरातून आतड्यात उतरतं. जुलाबात कोल्ड्रिंक किंवा डब्यातला ज्यूस नको, तो याचसाठी.

शक्यतो दुकानात मिळणारी ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या तयार पावडरीची, पुडीच वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पुडी १ लिटरची की २०० मिलीची, हे वाचूनच फोडा. मोठ्या पुडीतली थोडी पावडर अंदाजानं पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा ५ मिलीचा हवा. मिसळणाच्या डब्यातला अनेकदा त्याहून लहान असतो. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग काढून टाकलेला. मीठ बारीक घ्या, खडेमिठाचं माप चमच्यात नीट बसत नाही. मग चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं, तर सरळ ओतून द्या. लहान मुलांत जादा मीठ जादा साखरेहून धोक्याचं. घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, ते केळं किंवा शहाळ्यातून मिळेल.

दर जुलाबानंतर या वयाला १०० ते २०० मिली, घोटाघोटानं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्यावं. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, पाणी पिईनासं झालं किंवा शौचातून रक्त पडलं, तर चमचे मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरचा ढोल आमच्या बोळातल्या घरात खिडक्या लावूनही घुमतो, ताशा मात्र येत नाही. असं का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

ढोलाचा घुमारा साधारण ८० हर्ट्‌झचा धरा. २५ अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो, म्हणजे लाटेची लांबी ४ मीटरहून जास्त, जवळजवळ तुमच्या बोळाएवढी. एवढी लाट वाड्याच्या कोपऱ्याला वळसा घालते, काच-भिंतही तिला फारसं अडवत नाहीत. ताशाचा ३००० हर्ट्‌झचा कडकडाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरचा; तो भिंतीवर आपटून परततो. प्रकाशाची लाट तर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. त्यामुळे कोपऱ्यापलीकडचा ढोल ऐकू येतो, दिसत नाही.

रस्त्यावर उतरलात तर एक गंमत बघा. सेकंदाला दोन ठोके पडत असतील, तर ८६ मीटरवरून टिपरू हवेत असतानाच ठोका ऐकू येतो, कारण आवाज पाव सेकंद मागे असतो. १७३ मीटरवर हात आणि आवाज पुन्हा अचूक जुळतात. फक्त कानावर येतो तो आधीचा ठोका. पथक लांबलचक असलं की मागच्या रांगा कानावर विसंबून वाजवताना याचमुळे रेंगाळतात. नजर पुढच्याच्या टिपरावर हवी.

प्रश्न : पोहण्याच्या तलावाचा तळ जवळ का दिसतो?
— एक वाचक, डेक्कन

तळाकडून येणारे किरण पाण्याबाहेर पडताना वाकतात, आणि डोळा ते सरळच आले असं धरून चालतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. त्यामुळे सरळ वरून पाहिलं तर ४ फूट खोली ३ फूट भासते, काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. मुलांना उतरवताना भिंतीवर रंगवलेला आकडाच वाचा.