पाळीत पॅडला उग्र वास येतो, हे नॉर्मल आहे का?

ओल्या लोखंडासारखा हलका वास नॉर्मल आहे, सडक्या मासळीसारखा मात्र नाही. योनीचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी 3.8 ते 4.5, म्हणजे आम्लधर्मी असतो, रक्ताचा 7.4 च्या आसपास. पाळीत रक्तामुळे योनीतली आम्लता कमी होते. म्हणून आधीच जिवाणूंचा संसर्ग असेल तर त्याचा वास याच दिवसांत जास्त जाणवतो. पॅड भरलं नसलं तरी 4 ते 6 तासांनी बदला, बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आत साबण किंवा सुगंधी वॉश अजिबात नको, त्याने उपयोगी जिवाणूंचं संतुलन बिघडतं. पाळी संपूनही वास राहिला, करडा पातळ स्राव किंवा खाज असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. लाजू नका हो, बहुतेकदा औषधाने बरं होतं. टॅम्पॉन (पाळीत योनीच्या आत ठेवायचा शोषक बोळा) आत राहिल्याची शंका असेल किंवा ताप असेल, तर आजच जा.