मधूनच ऐकू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

'स्वीनी टॉड' या सॉन्डहाइमच्या, सूड घेणाऱ्या न्हाव्याच्या संगीत नाटकाची चार ध्वनिमुद्रणे ऐकूनही त्यांतले खरे कोणते ते ठरत नाही, आणि वेंगुर्ल्यात बसून असले रक्तपाताचे इंग्रजी नाटक कशाला ऐकतेस असे घरचे विचारतात, असे तू लिहिले आहेस. घरच्यांचे सोड. राक्षसाचा वध पाहायला जिथे माणसे जत्रेत पहाटेपर्यंत जागतात, तिथे या प्रश्नाला उत्तर द्यायचे कारण नाही. पण तू एकही ध्वनिमुद्रण आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकलेले नाहीस, हे तुझ्याच पत्रात दिसते; नाहीतर 'एपिफनी' हे न्हावी टॉडचे संतापाचे गाणे तुला उगाच केलेला आरडाओरडा वाटला नसता.

त्याच्या आधी काय होते? ज्याच्यावर सूड उगवायचा तो न्यायाधीश न्हाव्याच्या खुर्चीत मान टेकून बसला आहे, दोघे मिळून 'प्रीटी विमेन' गात आहेत, चाल इतकी मधुर की हातातल्या वस्तऱ्याचा आपल्यालाही विसर पडावा, आणि नेमका त्याच क्षणी तरुण खलाशी अँथनी धावत आत शिरतो. सूड हुकतो आणि चालही पुरी न होता तुटते. ते तुटणे कानात असेल तरच पुढचा संताप कळतो. म्हणून सांगतो, क्रमाने ऐक.

सुरुवातीला भेटणारी भिकारीण जे अश्लील गाते, तीच सुरावट थोड्या वेळाने 'पुअर थिंग' या गाण्यात न्यायाधीशाच्या घरच्या नाचाचे संगीत होऊन येते. ती बाई कोण, हे सॉन्डहाइमने तिथेच सुरांत सांगून टाकले आहे. आवडती चार गाणी निवडून ऐकणाऱ्याला ते कसे ऐकू येणार?

ही सवय आपल्या नाट्यसंगीतानेच लावली. पद नाटकातून सुटते आणि मैफलीत जाऊन बसते. आयुष्यभर मी ऑर्गनवर तीच पदे वाजवली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आमच्या मंडळाने नाटक बाजूला ठेवून निवडक पदांचे कार्यक्रम सुरू केले, तेव्हा मी साथीला बसलो नाही. हेकट म्हणाले, म्हणोत. 'कट्यार काळजात घुसली'मध्ये अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' दोन निरनिराळ्या चालींत बांधले, कारण तिथे दोन घराणी एकमेकांसमोर उभी आहेत. त्यातली एकच चाल गाऊन टाळ्या घेतल्या की भांडण गेले, आणि भांडण गेले की उरते नुसते गाणे. मंडळाला हे तेव्हा पटले नाही. कार्यक्रम मात्र पुष्कळ झाले, माझ्यावाचून.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक पाहणे मला घडले नाही. माझ्यापुरते हे नाटक म्हणजे ध्वनिमुद्रणच, म्हणून मी इतका कडक आहे.

तेव्हा आधी १९७९चे घे, लेन कॅरिऊ आणि अँजेला लॅन्सबरी यांचे. त्याचा आरंभ ऑर्गननेच होतो (हा माझा पक्षपात समज), आणि प्रयोगातून वगळलेले न्यायाधीशाचे 'जोहाना' हे गाणे त्यात राखलेले आहे. दहा नटांनी स्वतःच वाद्ये वाजवलेले २००५चे त्यानंतर ऐक. पॅटी लुपोन त्यात ट्यूबाही वाजवते. मूळ वाद्यमेळ कानात बसल्याशिवाय त्यातला उघडा सांगाडा तुला नुसता काटकसरीचा वाटेल. २०१२ आणि २०२३ची कुठे पळून जात नाहीत.

पुढच्या पत्रात तुलना नको. शेवटी बायकोच्या प्रेताजवळ टॉड जी चाल गातो, ती तू पहिल्यांदा कुठे ऐकलीस एवढेच कळव. फोनवर पुढेमागे सरकवून उत्तर शोधलेस, तर ते मला तुझ्या पत्रावरून कळेल.